मोजखिंडीतला शहाऐंशीवा

या धावण्यातून धम्मपालला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर नाव, फोटोसकट. नावाखाली ‘मार्गप्रमुख’. आणि डिंगोऱ्यात वीस वर्षं जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या या माणसाला ज्यांनी ज्यांनी ‘ए वायंडिंग’ अशी हाक मारली, त्या सगळ्यांना चारचौघांत ‘सर’ म्हणावं लागणार होतं. हे शेवटचं त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण आरशासमोर तो नारिंगी जाकिटाची कॉलर तीनदा सारखी करत होता, तेव्हा त्याच्या लेकीला, संस्कृतीला, ते न सांगता कळलं.

अट एकच होती. शर्यत भरवणाऱ्या सार्थकने ती फोनवर दोनदा ऐकवली होती. “धम्मपालभाऊ, जेवढे वर जातील तेवढे खाली आले पाहिजेत. आकडा जुळला की तुम्ही मार्गप्रमुख.”

धम्मपालचं काम सगळ्यांच्या मागे पळायचं. कुणाचा पाय मुरगळला, कुणी दमून बसला, तर त्याला पुढे घालायचं. त्याच्यामागे कुणीही राहता कामा नये. पुण्याकडच्या शर्यतींत अशा माणसाला ‘स्वीपर’ म्हणतात, आणि पहिल्या वर्षी जाकिटाच्या पाठीवर तेच छापून आलं होतं. धम्मपालने ते घडी घालून परत केलं.

“सार्थकराव, आमच्या आज्यानं छप्पन साली गावची कामं सोडली. आन मी पाठीवर झाडूवाला लिहून पळू व्हय?”

सार्थक जुन्या जमीनदार घरातला, पण शिकलेला. त्याचे कान लाल झाले. आठवड्याने नवं जाकीट आलं. पाठीवर एकच शब्द: ‘शेवटचा’. तो धम्मपालला चालला. त्यात कुणाचं काही नव्हतं, तो नुसता क्रम होता.

सप्टेंबरातला रविवार, सकाळी सात. पायथ्याच्या शाळेच्या मैदानातून पंच्याऐंशी जण सुटले आणि त्यांच्यामागे धम्मपाल; मिळून शहाऐंशी. कमानीपाशी टेबल टाकून संस्कृती बसली होती. तिच्यापुढे शहाऐंशी चौकोनांचा कागद, हाताशी वॉकीटॉकी. जो परत येईल त्याच्या चौकोनात खूण.

वाट हिरड्याच्या रानातून चढते, मग कारवी लागते, मग मोजखिंड. खिंडीपलीकडे पठार, पठाराच्या कडेला लेणी, आणि लेण्यांना हात लावून आल्या वाटेने परत. डोंगराची ही बाजू जुन्नरची, पलीकडची आंबेगावची.

मोजखिंडीत कधीतरी लढाई झाली. कुणाची कुणाशी, यावर गावात चार मतं आहेत आणि ती बाळगणारी चार घरं एकमेकांशी बोलत नाहीत. मात्र खिंडीतल्या दगडांच्या राशीबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. चढताना प्रत्येक गड्याने एक दगड ठेवला. उतरताना ज्याने त्याने आपला उचलला. उरले ते अजून तिथेच आहेत. रास छातीएवढी आहे.

त्या खिंडीतून जाणारी माणसं अजून तसंच करतात. राशीशेजारच्या सपाट कातळावर जाताना दगड ठेवायचा, येताना आपला उचलायचा, दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. सार्थकला हे फार आवडलं. फोटो छान येतात, आणि मोजणीही होते. धम्मपालने सगळ्यांत शेवटी आपला दगड उचलला की कातळ रिकामा दिसला पाहिजे.

गेल्या वर्षी तो रिकामा नव्हता. एक दगड उरला होता. धम्मपालने अर्धा तास हाका मारल्या. पाऊस झोडपत होता. शेवटी त्याने तो दगड उचलला, कातळ मोकळा केला, “माझ्यामागं कुणी न्हाई” असं वॉकीटॉकीवर कळवलं आणि वाटेत दगड टाकून देऊन खाली आला. खाली एक जण कमी! संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे जीव टांगणीला. मग त्या हरवलेल्या गड्याचाच फोन आला: तो लेण्यांवरून मित्रांबरोबर आंबेगावच्या अंगाला उतरून गाडीने घरी गेला होता. धम्मपालने त्याला चार शब्द सुनावले आणि दगडाचं विचारलं.

“दगड? मी कुठला दगडबिगड ठेवलाच नव्हता, काका.”

धम्मपालने फोन ठेवला. सार्थकलाही हे सांगितलं नाही.

आज खिंडीत गावातली म्हातारी ठकूबाई शेरडं घेऊन बसली होती. कातळावर पंच्याऐंशी दगड मांडलेले. धम्मपालने आपला ठेवला, पांढरा, चपटा, लांबूनही ओळखू येईल असा.

“धम्मा, गेल्या साली कुनाचा उचललास रं?” तिने राशीकडे बघतच विचारलं.

“कुनाचाच नव्हता, मावशे. रिकामा पडला व्हता.”

“हितं रिकामा दगड नसतो.” तिने तोंडातला तंबाखू या गालातून त्या गालात नेला. “बरं, उचललास तर घरला तरी न्यायचा. टाकलास कुठं?”

“वाटंत.”

“मंग त्यो वाटंतच असंल.”

“म्हातारे, सकाळी सकाळी घाबरवती व्हय?” धम्मपाल हसला आणि पळाला. ती हसली नाही.

पठारावर धुकं होतं. पुढच्या माणसांच्या गप्पा ऐकू येत होत्या, दिसत कुणी नव्हतं. लेण्यांपर्यंत पोचला तेव्हा पुढचे सगळे परतीला लागले होते. मागे पडलेल्या दोघी पाण्याच्या टाक्यापाशी सेल्फी काढत होत्या. त्यांना त्याने पुढे घातलं.

मग नेहमीप्रमाणे भिक्खूंच्या खोल्या तपासल्या. अकरा खोल्या, प्रत्येकीत झोपायला एक दगडी ओटा. दाराच्या कपाळावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली. कुणी खोली दिली, कुणी टाकं दिलं. इथे आलं की धम्मपालला बरं वाटायचं. ही जागा आपल्याला ओळखते, असं वाटायचं. दहा खोल्यांतून छत गळत होतं, ओटे ओले होते. अकराव्या खोलीतला ओटा माणसाच्या लांबीएवढा कोरडा होता.

त्याने हात लावून पाहिला. कोमट लागला.

“कोन हाय?” त्याने विचारलं. खोलीने त्याचाच आवाज जरा उशिरा परत केला.

कुत्रं झोपलं असेल, असं मनाशी ठरवून तो निघाला.

पठाराच्या मध्यावर त्याला मागून पावलं ऐकू आली. ओल्या मातीत अनवाणी पाय पडतात तशी. तो थांबला. पावलं थांबली, पण एक पाऊल उशिरा.

धम्मपालने मोजायला घेतलं. माणूस हिशोबी होता, भीतीवर त्याच्याकडे तोच उपाय होता. तारेचे वेढे मोजावेत तशी त्याने आपली शंभर पावलं मोजली. मागची एकशे एक भरली.

पुन्हा शंभर. पुन्हा एकशे एक.

खिंडीच्या अलीकडे वाट अरुंद होते. एका बाजूला कडा, एका बाजूला धुकं. इथे त्याला सार्थकची अट आठवली. मागे कुणी राहिलं, तर नाव नाही, पोस्टर नाही, ‘सर’ नाही. मागचा कुणी दमलेला गडी असेल, बूट हरवलेला. असायलाच हवा.

त्याने कड्याकडे तोंड करून अंग चोरलं आणि वाट दिली.

“व्हा पुढं, राव,” तो म्हणाला. “माझ्यामागं कुनी ऱ्हायचं न्हाई.”

बराच वेळ काही झालं नाही. मग ओल्या घोंगडीचा वास आला. लोखंडाचा आला. पाठीला पाठ घासून कुणीतरी पुढे सरकलं, आणि जाताना, हुश्श केल्यासारखा श्वास सोडला.

त्याने मान वळवली तेव्हा धुक्यात दोन टाचा तेवढ्या दिसल्या. भेगाळलेल्या, उघड्या.

खिंडीत ठकूबाई नव्हती. शेरडं नव्हती.

कातळ रिकामा होता. त्याचा पांढरा दगडही तिथे नव्हता.

त्याने वॉकीटॉकी काढला.

“संस्कृती, किती आले?”

“शहाऐंशी! पूर्ण!” मागे ढोल वाजत होता. “कोण बोलतंय?”

“मी. पप्पा. आगं, मी तर अजून खिंडीत हाय.”

तिकडे ती हसली. “कोण आहे हो? मस्करी नका करू. पप्पा माझ्यासमोर बसून मिसळ खातायत. तिसरी प्लेट आहे. पाठीवर ‘शेवटचा’ लिहिलंय ना.”

धम्मपालने पाठीवर हात नेला. जाकीट अंगातच होतं, चिंब.

“संस्कृती, त्याचं... त्याचे पाय बघ.”

“चिखलाचे आहेत. बूट कुठे टाकून आलेत कुणास ठाऊक. बोलतही नाहीयेत. पण तुम्ही कोण...”

आवाज गेला.

तो खाली पळाला. कारवी लागली, हिरड्याचं रान लागलं, उतार संपला, आणि समोर खिंड आली.

तो पुन्हा पळाला. पुन्हा खिंड.

मग त्याने राशीकडे नीट पाहिलं. तळाशी, सगळ्या दगडांच्या ओझ्याखाली, एक पांढरा चपटा दगड होता. त्याने तो ओढला. हलला नाही. दगडावर बोटभर जाडीचं शेवाळ चढलं होतं.

आता हिशोब. सार्थकची शर्यत एकही माणूस न हरवता पार पडली. पुढच्या वर्षीची वनखात्याची परवानगी पंधरा दिवसांत मिळाली. पोस्टरवर धम्मपालचा फोटो आला, मार्गप्रमुख म्हणून. फोटोत तो कॅमेऱ्याच्या थोडं मागे बघतो आहे. डिंगोऱ्यात त्याला आता सगळे सर म्हणतात, कारण तो कुणाला काही बोलत नाही आणि न बोलणाऱ्याला माणसं मान देतात. दुकान बंद असतं. तारेच्या वेढ्यांपुढे तो नुसता बसतो, कशासाठी असतात ते आठवत नसल्यासारखा. ठकूबाईने शेरडं दुसऱ्या डोंगरावर न्यायला सुरुवात केली. वर गेले शहाऐंशी, खाली आले शहाऐंशी. कागदावर खोट नाही.

त्याची किंमत भरली ती संस्कृतीने. शेवटच्या चौकोनातली खूण तिच्या हातची. तो कागद तिने जपून ठेवला आहे, आणि कशासाठी, ते विचारलं तर सांगत नाही. पप्पांना बूट चालत नाहीत, एवढंच म्हणते. आणि रोज पहाटे उठून, भर वैशाखातसुद्धा, ती अंगणापासून त्यांच्या खाटेपर्यंतचे ओल्या चिखलाचे ठसे पुसून काढते. सगळे आत येणारे असतात. बाहेर जाणारा एकही नसतो.