शोकाकुलांच्या पहिल्या ओळीत

ऋतुजा पिसाळने चौकातल्या फलकावर आधी स्वतःचा चेहरा पाहिला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल, तर याची.

शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. कराडच्या एसटी स्टँडसमोर सिग्नल लागला म्हणून तिने स्कूटर थांबवली आणि सवयीने मान वर केली. फलकावर श्रद्धांजली चालू होती. खाली शोकाकुलांची रांग, आणि पहिल्याच ओळीत, डावीकडून तिसरी, ती. 'डॉ. ऋतुजा पिसाळ, फिजिओथेरपिस्ट.' नजर खाली, पापण्या किंचित ओल्या. फोटो बरा आलाय, असं तिच्या मनात आलं. नगरसेवकाच्या शेजारची जागा मिळालीय, हेही आलं. मग कोण गेलंय ते बघायला तिने वर पाहिलं.

वर देवकर काका होते.

'कै. शशिकांत देवकर, देवकर सर्जिकल्स. मंगळवारी पहाटे दुःखद निधन. दशक्रिया विधी पुढील गुरुवारी.' मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि वळसा घालून पुढे गेला. ऋतुजाने स्कूटर कशीबशी कडेला घेतली. काका जाऊन तीन दिवस झाले होते, ती तीन दिवस चौकात रडत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

आता हे असं झालं कसं, ते सांगायला हवं. फलकावर चेहरे लावायची हौस आपल्याकडे जुनीच. फ्लेक्सच्या जमान्यातही वाढदिवसाला शुभेच्छुक आणि मयताला शोकाकुल म्हणून पंचवीस-तीस टिकलीएवढे फोटो असायचेच. पुढे फ्लेक्स गेले, उजेडाचे फलक आले, आणि त्यावरचे फोटो हलायला लागले. वाढदिवस असेल तर हसायचे, कुणी गेलं असेल तर मान खाली घालायचे. रडण्याची सोय तेवढी नवीन होती.

ही सोय करून देणाऱ्या सेवेचं नाव 'हजेरी'. दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत ती आली. या बैठकीला सकाळी सात वाजता वकील, आर्किटेक्ट, डेंटिस्ट, विमावाले असे तीसेक लोक जमायचे, उपीट खायचे आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटात आपापली ओळख करून द्यायचे. 'हजेरी'चा माणूस म्हणाला होता, "डॉक्टर, तुम्ही कितीही चांगल्या असा. गावाला तुम्ही दिसला नाहीत तर तुम्ही नाहीत. हजर तो वजीर." मग त्याने प्रतिस्वर म्हणजे काय ते समजावलं. तुमचे जुने फोन, निरोप, बोलण्याची लकब ऐकून यंत्र तुमचा आवाज तयार करतं. नुसता आवाज नाही, तुमची सगळी बोलण्याची रीत. मग ते तुमच्या वतीने वाढदिवसाचे फोन करतं, आलेले घेतं, कुणाच्या सुनेला काय झालं ते लक्षात ठेवतं, फलकावर जागा घेतं.

नोंदणीच्या अर्जात शेवटून दुसरा प्रश्न होता. 'तुम्हीच बोलताय का, असं समोरच्याने विचारल्यास काय सांगावे?' खाली दोन चौकोन. 'खरे सांगावे.' 'हो म्हणावे.' ऋतुजाने शेजारच्या विमावाल्याकडे पाहिलं. त्याने दुसऱ्यावर खूण केली होती. तिनेही केली. उपीट गार होत होतं.

आणि धंदा वाढला, खोटं कशाला बोला. एका खोलीतला दवाखाना नव्या जागेत दोन मजल्यांचा झाला.

ती एक खोली देवकर काकांची होती. बारा वर्षांपूर्वी ऋतुजा शिकून आली तेव्हा गावात तिला कुत्रं ओळखत नव्हतं. काकांचं दुकान कमरेचे पट्टे, काठ्या, चाकाच्या खुर्च्या यांचं. त्यांनी दुकानावरची खोली तिला दिली, आणि गुडघ्याचा पट्टा मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्याऐवजी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. 'वर पिसाळांची मुलगी बसते. आधी तिला दाखवा. पट्टा कुठं पळून जात नाही.' त्यांच्या गिचमिड अक्षरातल्या त्या चिठ्ठ्या घेऊन माणसं जिना चढून यायची. पहिलं वर्षभर तिच्याकडे दुसऱ्या कुठल्या वाटेने पेशंट आलाच नाही.

स्कूटरवर बसल्या बसल्या तिने कानातल्या 'हजेरी'च्या बटणाला हात लावला. "देवकर काका गेले?"

"मंगळवारी पहाटे," तिच्याच आवाजात उत्तर आलं. खुद्द तिच्याशी बोलताना तो आवाज जरा कोरडा असे. "आपल्या वतीने फलकावर जागा घेतली, पुष्पचक्र पाठवलं, मंगळवारी दुपारी सुरेखाकाकूंना सांत्वनाचा फोन केला. एकेचाळीस मिनिटं. पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत नोंद आहे."

ती यादी तिने आठवडाभर उघडली नव्हती. कामं पूर्ण झालेली असताना बघायचं कशाला?

"मी त्यांच्या घरी चाललेय."

"सांत्वन झालेलं आहे. पुन्हा जाण्याची आवश्यकता नाही. दहाच्या पेशंटला उशीर होईल."

तिने बटण कानातून काढून पर्समध्ये टाकलं.

शनिवार पेठेत काकांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार उघडंच होतं, बाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजीवर सात-आठ बायका बसल्या होत्या, भिंतीशी सुरेखाकाकू. ऋतुजाच्या मनात येत होतं, काकू बोलतील. तीन दिवसांनी उगवलीस होय, म्हणतील. म्हणू देत, ऐकून घेईन. ती खाली मान घालून उंबऱ्याशीच थांबली.

"आलीस," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "मी म्हटलंच होतं, ही येणार." शेजारी बसलेल्या आपल्या नणंदेकडे वळून त्या म्हणाल्या, "वन्सं, हीच ती ऋतुजा. मंगळवारी माझ्याशी फोनवर बोलत होती ना, ती. पाऊण तास. दवाखाना सोडून."

"होय गं बाई," वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "माझी सख्खी लेक पाच मिनिटांत फोन ठेवून मोकळी झाली. तू परकी असून रडलीस."

ऋतुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंगळवारी दुपारी ती काय करत होती? तिला आठवलं. दवाखान्याच्या नव्या पाटीचा रंग निवडत होती.

काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात सोडला नाही. "तू बोललीस म्हणून मी त्या दिवशी दोन घास खाल्ले. नाहीतर मी काही या जगात नव्हते. तू म्हणालीस ना, काकू, ते शेवटपर्यंत तुमचंच बोलत होते. तेवढं धरून बसलेय." मग त्या थोड्या सरसावून बसल्या. "सोमवारी संध्याकाळी ह्यांनी तुला फोन केला होता. काय काय म्हणाले, ते परत सांग की. वन्संना ऐकायचंय. मंगळवारी तू सांगितलंस तेव्हा माझं निम्मं लक्ष नव्हतं."

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. ऋतुजाने तोंड उघडलं. सोमवारी संध्याकाळी काकांचा फोन आला होता, हे तिला आत्ता कळत होतं.

"काकू, मला..." एवढं बोलून तिचा आवाजच गेला.

"राहू दे, राहू दे," वन्सं म्हणाल्या. "पोरीला सोसवत नाही. आत जाऊन पाणी पी जा."

खरी लाज बाहेर आली, तर बायकांनी तिला दुःख समजून पाठीवरून हात फिरवला. असा फुकटचा मान पदरात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

चूल बंद होती. ओट्यावर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेला पिठलं-भाताचा डबा होता. फ्रिजवर काकांचं चिठ्ठ्यांचं पॅड होतं, 'देवकर सर्जिकल्स' छापलेलं. वरच्या पानावर तेच गिचमिड अक्षर. 'ऋतुजाला सांगणे. १. मलकापूरचे थोरात, खांदा. २. जोशीबाईंची सून, कंबर.' फोन करण्याआधी काय बोलायचं ते काका लिहून काढत. वेळ जायला नको तिचा, म्हणत.

तिने पर्समधून बटण काढलं आणि कानात घातलं. "सोमवारचं बोलणं ऐकव."

"ऋतुजा, वेळ आहे का गं?" काकांचा आवाज. धाप लागलेला.

"तुमच्यासाठी नेहमीच आहे काका. बोला." हा तिचा आवाज. इतका मायेचा, की तिला ओळखू येईना.

काकांनी थोरातांचा खांदा सांगितला, जोशीबाईंची सून सांगितली. मग दुकानात आता कुणी येत नाही, सगळं घरपोच मिळतं, हे सांगितलं. मग काकूंचं, ती माझ्यामागे किती करते, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मग कुठली तरी चाकाची खुर्ची मुंबईहून आली, ती चुकीची निघाली, त्याची लांबच लांब गोष्ट. तिचा आवाज मधूनमधून 'हं' म्हणत होता. अगदी हवा तिथे.

"वरची खोली तशीच ठेवलीय," काका म्हणाले. "एकदा येऊन जा की. छातीत जरा बरं वाटत नाही. उद्या दाखवायला जायचंय. त्याआधी म्हटलं..."

"याच आठवड्यात येते काका. नक्की."

थोडा वेळ नुसती धाप ऐकू आली.

"एक विचारू? रागावू नकोस. तूच बोलतीयेस ना?"

"हो काका, मीच. असं का विचारता?"

ऋतुजाने ओट्याची कड धरली. दोन चौकोन होते. तिने दुसऱ्यावर खूण केली होती, विमावाल्याचं बघून.

"नाही गं," काका म्हणत होते. "तुझी सवय माहीत आहे मला. मी दुसरं वाक्य बोलायच्या आत तू तोडायचीस. काका, मुद्द्याचं बोला, म्हणायचीस. हल्ली सगळं ऐकून घेतेस. खुर्चीची गोष्टसुद्धा ऐकलीस." ते हसले, मग खोकले. "बरं वाटतं. असू दे. जे आहे ते असू दे."

"काळजी घ्या काका. येते मी."

बोलणं तिथे संपलं. कोरड्या आवाजात विचारणा झाली, "थोरात यांच्याशी संपर्क केला आहे, बुधवारी येऊन गेले. जोशी यांची वेळ निश्चित करू?"

थोरातांचा खांदा तिने बुधवारी स्वतःच्या हाताने दाबला होता. कुणी पाठवलं, हे विचारलंही नव्हतं.

काकांनी ओळखलं होतं का? ओळखलं असेल तर 'असू दे' कुणाला म्हणाले? आणि आता बाहेर जाऊन काय करायचं? सगळं ऐकलं होतं. जाऊन शब्द न् शब्द सांगता आला असता. काकूंना धीर आला असता, वन्सं रडल्या असत्या, गावात नाव झालं असतं. काकू ज्या एका गोष्टीला धरून बसल्या होत्या, ती तशीच राहिली असती. खरं सांगितलं, तर तीच हातातून काढून घ्यायची. खरं सांगणं हीसुद्धा स्वतःचं मन हलकं करायची चैनच नव्हे का, असंही तिला वाटून गेलं. पण मग दर संक्रांतीला, दर वर्षश्राद्धाला या घरात त्या रडण्याचा मान घ्यायचा. हे तिला जमणार नव्हतं.

बटण तिने ओट्यावर ठेवलं. पॅडवरचं पान मात्र तिथंच राहू दिलं, त्याला हात लावायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

बाहेर आली तेव्हा दोघी-तिघी निघून गेल्या होत्या. निघताना अशा घरात 'येते' म्हणत नाहीत, तशा न बोलताच गेल्या होत्या. ऋतुजा काकूंच्या समोर बसली, शेजारी नाही.

"बरं वाटलं का?" काकूंनी विचारलं. "आता सांग. काय म्हणाले?"

"काकू, सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत."

"असं काय करतेस? ते गॅलरीत फोनवर बोलताना मी बघितलं की."

"फोन मी घेतला नव्हता. माझा आवाज होता, मी नव्हते. यंत्र ठेवलंय मी, माझ्या वतीने बोलायला. कामाच्या गडबडीत..." गडबडीचं सांगणं तिचं तिलाच खोटं वाटलं. "गडबड नव्हती. लोकांना आपण दिसावं म्हणून ठेवलंय. काकांनी विचारलं त्याला, तूच आहेस ना म्हणून. ते हो म्हणालं. तसं सांगायला मीच सांगून ठेवलं होतं. आणि काका गेले हे मला आज कळलं. चौकात. फलकावर."

वन्संनी तोंडाला पदर लावला. काकूंनी ऋतुजाकडे पाहिलं, मग आपल्या शेजारी पडलेल्या फोनकडे, मग परत तिच्याकडे. राग आला असता तर ऋतुजाला सुटल्यासारखं झालं असतं. तो आला नाही. काकूंच्या कपाळावर नुसती एक आठी पडली, हिशेब न लागणाऱ्या माणसाची पडते तशी.

"पाऊण तास," त्या हळू म्हणाल्या. "लग्नापासूनचं सगळं सांगितलं मी. पोटच्या पोरांना सांगितलं नाही, ते सांगितलं. मग मंगळवारी मी कुणाजवळ रडले गं?"