आगबोट की माथेरान

पालघरच्या बाजारात सोमीची माशांची टोपली निम्मी रिकामी झाली होती, तेवढ्यात समोर देवू येऊन उभा राहिला. दोघंही दचकली. साखरपुडा होऊन महिना झाला होता. पण त्यांच्या गावात, सातपाटीत, ठरलेल्या नवऱ्याशी चारचौघांत बोलणं म्हणजे गावाला आयता विषय! इथं मात्र ओळखीचं कुणी दिसत नव्हतं. देवू बापाच्या होडीसाठी दोरखंड घ्यायला आला होता. दोरखंड खांद्यावर आलं तरी त्याचा पाय काही निघेना.

"पापलेटं कशी दिली?" त्यानं विचारलं.

"तुमीच धरून आणलेली, तुमालाच इकू?" सोमीनं पदर सावरला... हसू मात्र तिला सावरता आलं नाही.

देवू थोडा जवळ सरकला. "वैशाखात लगीन झालं का चार दिवस माथेरानला जाऊ. डोंगर, गार वारा, ती इवलीशी गाडी..."

सोमीचे डोळे चमकले. "त्यापरीस मुंबैवरनं आगबोटीनं गोव्याला जाऊ नं!"

"नको."

"का?"

"नको म्हटलं नं."

सोमीचं तोंड उतरलं. सगळा जन्म समुद्राकाठी गेला, पण बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही, हा गावचा रिवाज. तिची आजी, तिची आई, सगळ्या किनाऱ्यावरच उभ्या राहिल्या, होड्या दिसेपर्यंत जीव मुठीत धरून. आपला माणूस ज्या पाण्यात जातो ते एकदा तरी त्याच्या शेजारी बसून बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि हा बाबा पहिल्याच मागण्याला 'नको' म्हणतो! असल्या माणसाबरोबर संसार करायचा? अजून लग्न मोडता येईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"मला काय जन्मभर काठावरच ठेवायची हाय?" तिचा आवाज कापला.

देवू कावराबावरा झाला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि टोपलीपाशी उकिडवा बसला.

"सोमी... कोनाला सांगनार नाय ना?"

"नाय."

"मला — बोट लागते."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, लहानपणापासून होडीवर, आणि त्याला बोट लागते? पण देवूचे कान लालबुंद झाले होते.

"दर्या उसळला का पोटात ढवळतं. बाबाची पाठ वळली का वाकून ओकतो. बाकीच्यांना वाटतं, जाळं बघतोय. आगबोटीत तुज्यासमोर तसं झालं तर? तू हसशील..."

सोमीला हसू आलं होतं खरं, पण ते ओठांवर यायच्या आधीच विरलं. एवढा धिप्पाड गडी, भर समुद्रात तोंड लपवून एकटाच... साखरपुड्यात नवे कपडे घालून ताठ बसलेल्या देवूपेक्षा हा खाली मान घालून बसलेला देवू तिला कितीतरी जास्त आवडला.

"तवा डोकं कोन धरतं तुमचं?" तिनं हळूच विचारलं.

"कोन धरनार? कोनाला ठावंच नाय."

सोमीनं ओला हात पदराला पुसला आणि भर बाजारात त्याच्या कपाळावर ठेवला.

"मंग आगबोटीनंच जाऊ," ती म्हणाली. "मी धरीन."