काचेपलीकडचा आवाज

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. भर दुपारी, स्कॅन सेंटरच्या काचेआडच्या खोलीत.

ह्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ गेल्या वर्षी काढली. आता लिव्हरवर एक बारीक ठिपका दिसला. कॅन्सर तिथवर पसरलाय का, ते एमआरआय सांगणार होता. घराजवळ करून पाहिला, तर फोटो सगळे पुसट. ह्यांना श्वासच धरवेना.

"तिकडे जाऊ," हे म्हणाले.

तिकडे... म्हणजे जिथे ह्यांची पहिली बायको काम करायची. मशीनमधल्या पेशंटला 'श्वास घ्या, धरा, सोडा' सांगायची. ती गेली, त्यानंतर मी ह्या घरात आले. पण सवत मातीआड गेली तरी मनाआड जात नाही.

मशीनवरचा ऑपरेटर तिच्याच हाताखाली शिकलेला. ह्यांना म्हणाला, "भाऊजी, ताईचं ऐकायचात तसं आज माझं ऐका."

हे हसले. माझ्याकडे न बघताच आत गेले.

काचेतून फक्त ह्यांची पावलं दिसत होती. ऑपरेटरने माइकच्या बटणाकडे बोट नेलं...

त्याआधीच स्पीकरमधून आलं, "घे श्वास... धर."

बाईचा आवाज. मऊ. निजल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा.

मी ऑपरेटरकडे पाहिलं. त्याने काही ऐकलंच नव्हतं. पण पडद्यावरची श्वासाची रेघ... सपाट झाली होती.

"वा," तो म्हणाला, "सांगायच्या आतच धरला की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दहादा सांगितल्याशिवाय हे साधी गोळी घेत नाहीत. पहिले फोटो होईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग मीच पुढे होऊन बटण दाबलं.

"सोडा."

रेघ हलली नाही.

"अहो, सोडा ना."

नाही हलली...

ऑपरेटर खुर्ची ढकलून दाराकडे धावला.

आणि स्पीकरमधून, अगदी सावकाश... "सोड आता."

रेघ पुन्हा लाटेसारखी चालू लागली.

फोटो आरशासारखे लख्ख आले. ठिपका साधाच वाटतोय, डॉक्टर म्हणाले, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघू. फोटो मात्र असेच हवेत.

आत काही ऐकू आलं का, असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, मशीनचा खडखडाट, दुसरं काय. आणि दिवसभर गुणगुणत राहिले.

तीन महिने झाले. उद्या पुन्हा जायचंय. मी दुसरीकडची वेळ घेतली होती. काल मीच ती रद्द केली. पुसट फोटोत ठिपका वाढलेला दिसलाच नाही, तर?

सकाळी ह्यांनी निळा शर्ट इस्त्रीला काढून दिला. तिथे तर आत जायच्या आधीच कपडे बदलून गाऊन घालतात.

मग शर्ट बघणार कोण...



कॉलरची घडी नीट बसेना, म्हणून पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री फिरवली.