शेरा : सूचना पाळत नाही

"मला खोटी ठरवलंय. मी ऐकून घेणार नाही!" असं म्हणत बाइंडरबाई आत आल्या आणि कुणी सांगायच्या आधीच खुर्चीत बसल्या.

वहिनींच्या तपास-कचेरीत रडत येणारे पुष्कळ, भांडत येणारी ही पहिलीच. वहिनी खूश झाल्या. त्यांचे दीर वही उघडून बसले. भाऊजींची मदत कमी आणि शंका जास्त, पण घरचा माणूस, काय बोलणार!

बाई पुस्तकं बांधायच्या. वीस वर्षं सोरायसिस. कोपरांवर खपल्या, नखं ठिसूळ. नव्या मलमाच्या चाचणीतल्या नऊ जणांपैकी त्या एक. पंधरा दिवस मलम लावलं आणि हातभर फोड आले.

"परवा मी रिकामी ट्यूब परत दिली. काल डॉक्टर म्हणतात, ती भरलेलीच आहे, तुम्ही मलम लावलंच नाही! आज संध्याकाळी माझं नाव कापणार. म्हणजे फोडांची नोंदही गेली. आणि बाकीचे आठ जण तेच मलम चोपडतायत!"

भाऊजींनी पाण्याची बाटली पुढे केली. तिचं सील निघेना, तेव्हा बाईंनी पिशवीतून दाभण काढून ते फोडलं.

"नखं ही अशी. माझं सगळं यानेच उघडतं."

दवाखान्यात आधी सिस्टर भेटल्या. "ट्यूब पिन मारलेल्या कागदी पाकिटात येते. वजन होईपर्यंत आम्ही उघडत नाही. मी ते पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, सहीसाठी. रात्रभर तिथेच होतं. त्यांचे फोड मी स्वतः पाहिलेत हो."

औषधं सांभाळणारा फार्मासिस्ट आधीच वैतागलेला होता. "काल सकाळी मी वजन केलं. साठ ग्रॅमपैकी साडेपंचावन्न शिल्लक. ही बघा."

वहिनींनी झाकण काढलं. तोंडावरच्या पत्र्याला गोल, स्वच्छ भोक होतं. बाईंच्या नंबराच्या लेबलचा एक कोपरा चुरगळलेला होता.

"यानेच बदलली!" भाऊजी कुजबुजले, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्याकडच्या सगळ्या सीलबंद आहेत, तपासा! काल डॉक्टरांनी एक नवी नेली, त्यांची सही आहे."

डॉक्टर मात्र साखरेसारखे गोड. मलम किती लावायचं, असं वहिनींनी विचारलं. त्यांनी खणातून नवी ट्यूब काढली, झाकण उलटं करून त्याच्या टोकाने सील फोडलं आणि बोटाच्या पेरावर मलम घेतलं. "दोन तळव्यांएवढ्या जागेला एवढंच. अर्धा ग्रॅम. प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी मी स्वतः दाखवतो."

"शेवटचा नवा पेशंट कधी आला?"

"झाले तीन आठवडे."

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावून घेतलं.

"बाई, तुमच्या ट्यूबचं सील कशाने फोडलंत?"

"दाभणाने. दुसरं कशाने?"

"दाभणाचं भोक बारीक आणि फाटकं. हे गोल भोक झाकणाच्या टोकाचं आहे. म्हणजे ही ट्यूब तुमची नाही. लेबल सोलून इथे चिकटवलंय. मग ही कुणाची? भाऊजी, नऊ जणांना अर्धा-अर्धा ग्रॅम दाखवलं, तर किती?"

"साडेचार." भाऊजींनी वहीत वजाबाकी केली आणि आ वासला. "साठातून गेले की साडेपंचावन्न!"

"डॉक्टर, तीन आठवड्यांत नवा पेशंट नाही, मग दाखवायला काल नवी ट्यूब कशाला लागली? जुनी कुठे गेली?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "माझी दहा वर्षं आहेत यात," ते शेवटी म्हणाले. "एका बाईच्या फोडांपायी चाचणी बंद पडली असती."

"पडू दे!" बाइंडरबाई उठल्या. त्यांनी दोन्ही बाह्या कोपरांच्या वर सरकवल्या. "वीस वर्षं हे हात झाकून हिंडले. आता बघा नीट. हे माझं अंग आहे, तुमच्या कागदावरची चूक नव्हे. सिस्टर, आधी त्या आठांना फोन लावा. मग फोडांची नोंद करा, एकूण एक."

सिस्टर डॉक्टरांकडे न बघता फोनकडे गेल्या. आठही जणांना मलम थांबवायला सांगितल्यावर त्यांनी नोंदवही उघडली. बाईंच्या नंबरापुढे डॉक्टरांच्या अक्षरात शेरा होता : 'सूचना पाळत नाही.' सिस्टरनी तो खोडायला पेन टेकवलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "त्या वहीत तेवढंच एक खरं लिहिलंय."