न बोलायचं कोर्ट

कुठलीही गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय निहारला पटत नसे. जर्मनीत येना शहरातल्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये तो भिंगांमधले बारीक दोष शोधायचा, तिथे हा गुणच मानला जाई. आई मात्र फोनवर म्हणायची, अशाने तुला बायको मिळायची नाही. टेनिस हा त्याचा एकमेव आंधळा हट्ट. त्यातही डबल्स, आणि तीही यशपालबरोबरच.

यशपाल नागपूरचा, त्याच इन्स्टिट्यूटमधला. स्वभावाने शांत, पण आवाज असा भरदार की कॅन्टीनमध्ये तो हसला तर लांबच्या टेबलावरचे जर्मन मान वर करून बघत. त्याला वोल्फ्सबुर्गला नोकरी लागली होती. जुलैत तो आणि त्याची बायको रोहिणी येना सोडणार होते. नदीकाठच्या क्लबात दोघं दोनदा फायनलला जाऊन हात हलवत परत आले होते. आता एकच स्पर्धा उरली होती आणि निहारला ती काहीही करून जिंकायची होती.

तो २००६ चा जून. अख्ख्या देशाला फुटबॉलचं वेड लागलेलं, गाड्यागाड्यांवर झेंडे फडफडत होते. क्लबात मात्र लोक आजोबांच्या काळातले कपडे घालून उभे होते. काही वर्षांतून एकदा तिथे १९०८ ची पुरुष डबल्स स्पर्धा होती तशी खेळत. लांब पांढऱ्या पँटी, लाकडी रॅकेटी, लाल मातीचं तेच कोर्ट. निहार आणि यशपालला हे आमंत्रण पहिल्यांदाच आलं होतं. पंच होत्या फ्राऊ ट्रेगर, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ पाठीच्या.

"कोर्टवर जोडीदाराशी बोलायचं नाही," त्यांनी सांगितलं. "हाताने खुणा करा."

"का?" निहारने विचारलं.

"त्या पहिल्या वर्षी एक जोडी बोलली होती." त्यांनी नेट एकदा ताणून पाहिलं. "तर, तेव्हापासून कुणी बोलत नाही."

यशपालला हसू आलं. "यांच्याकडे रविवारी काचेच्या बाटल्या टाकायलाही बंदी. कुणा शेजाऱ्याची दुपारची झोप मोडत असणार."

"मग हळू बोलू," निहार म्हणाला. "मराठीत. 'माझा', 'सोड', एवढंच. कोणाला कळतंय?"

"नियम आहे ना रे त्यांचा."

"तो आवाजाचा नियम आहे, यश. हळू बोललं की संपलं."

यशपालच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. कुंपणापलीकडे रोहिणी थर्मासमधून लिंबू सरबत ओतत होती. ती म्हणाली, "अहो, भाऊजींचं मन मोडू नका. जाताना त्यांना एक कप तरी जिंकून द्या."

सेमीफायनल त्यांनी हा हा म्हणता जिंकली. समोरचे हातवारे करून एकमेकांवर आदळत होते आणि यशपालची पुटपुट निहारला नेमकी पोचत होती. चेंडू बाहेर जाणार असला की "सोड", मागे पडणार असला की "तुझा". निहारला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

फायनल दुपारी सुरू झाली. ऊन चुनखडीच्या डोंगरांवरून थेट कोर्टवर उतरलं होतं. प्रेक्षक पुष्कळ होते, पण टाळ्या सोडल्या तर चकार शब्द नव्हता. रॅकेटींच्या आतड्याच्या तारांवर चेंडूचा थपथप आवाज, बुटांखाली माती, आणि यशपालचं हळू "तुझा".

पहिला सेट गेला. दुसऱ्यात हाक जास्त स्पष्ट येऊ लागली. निहारने पाय उचलण्याआधी यायची आणि एकदाही चुकायची नाही. दुसरा सेट त्यांनी घेतला.

तिसऱ्या सेटमध्ये यशपाल नेटपाशी उभा होता, निहारच्या पुढे. हाक मागून आली.

"सोड."

निहारने सोडला. चेंडू रेषेबाहेर पडला. त्याने वळून पाहिलं. मागे लाल मातीचा मोकळा पट्टा, तारेचं कुंपण, त्यापलीकडे नदीकडची झाडं. भिंत कुठेच नव्हती. आवाज परतून आला म्हणावं, तर कशावरून?

बाजू बदलताना यशपाल घोटभर पाणी प्यायला आणि घशावरून हात फिरवत राहिला. "घसा बसलाय," तो म्हणाला. ते ऐकायला निहारला कान अगदी जवळ न्यावा लागला. "हा सेट सुरू झाल्यापासून मी बोललोच नाहीये. तुला कसं कळतंय?"

त्याच क्षणी खेळ थांबवायला हवा होता. निहारला ते कळलंही. पण ते पुढे होते, कप समोरच्या टेबलावर चकाकत होता.

"अंदाजाने," तो म्हणाला.

त्यानंतर हाक प्रत्येक चेंडूला आली. मागून, खांद्याच्या जवळून. यशपालचाच तो भरदार आवाज, आता पुटपुट नव्हे, पूर्ण. प्रेक्षकांत कुणी मान वळवली नाही.

शेवटचा पॉइंट.

चेंडू उंच आला. यशपाल मागे वळला होता. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठलेल्या. आवाज नव्हता.

"सोड," मागून आलं. "बाहेर आहे."

निहारने सोडला.

चेंडू बाहेर होता.

टाळ्या झाल्या. फ्राऊ ट्रेगर खुर्चीवरून उतरून सरळ निहारपाशी आल्या. "तुम्ही बोललात?"

"नाही," निहार म्हणाला.

त्यांनी तेच यशपालला विचारलं. त्याने ओठ हलवले. फ्राऊ ट्रेगरनी त्या ओठांकडे पाहिलं आणि त्या अभिनंदन न करताच निघून गेल्या.

जुलै अर्धा सरला तेव्हा रविवारी दुपारी रोहिणीचा वोल्फ्सबुर्गहून फोन आला. स्पर्धेपासून निहार घरात सतत रेडिओ चालू ठेवत असे; का, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. फोन घ्यायला त्याने रेडिओ बंद केला.

"तीन डॉक्टर झाले, भाऊजी. घसा स्वच्छ आहे म्हणतात. नुसता श्वास येतो. नवी नोकरी, बॉस म्हणतो थांबू थोडे दिवस, पण किती थांबतील?" तिने फोन स्पीकरवर टाकल्याचा खट्ट आवाज आला. "इथे शेजारीच बसलेत. तुम्ही बोला, कदाचित तुमच्याशी निघेल काहीतरी."

निहारला रडू फुटलं. "यश," तो म्हणाला, "माझं चुकलं रे. बोल काहीतरी."

फोनमध्ये श्वास ऐकू आला. आत-बाहेर, जिवाच्या आकांताने.

आणि निहारच्या पाठीमागून, त्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून, भरदार आवाज आला. "रोहिणीला म्हणावं, जेवून घे. माझी वाट बघू नको."

फोनमधला श्वास थांबला. मग रोहिणी बोलली, हळू, निहारशी नव्हे, शेजारी बसलेल्याशीही नव्हे.

"अहो," ती म्हणाली, "घरी कधी येताय?"