पानावर नसलेलं वाक्य

"काचा नकोत," तो म्हणाला.

चष्म्याच्या दुकानात चार वर्षं काढली होती मी, पण असं गिऱ्हाईक पहिलंच.

"मग दिसणार कसं?"

"मला नीट दिसायचं नाहीये... जुन्या काळातलं दिसायचंय."

मला हसू फुटलं. आणि माझं हसू म्हणजे – आईच्या भाषेत – भांड्यांची फळी कोसळावी तसं! तो मात्र जाड काळी फ्रेम नाकावर चढवून ऐकतच राहिला.

"शनिवारी दुपारी मोकळ्या असता?"

तो टीव्हीसाठी कार्यक्रम बनवायचा, स्वतःच्या हिमतीवर. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतीवर नारिंगी गोलांचा कागद, टेपवर चालणारा जुनाट कॅमेरा. लेखक तो, निवेदक तो, गायकही तोच. त्याची मावशी अ‍ॅकॉर्डियन वाजवायची आणि त्याच्या गिचमिड अक्षरातले विनोद टाइप करून द्यायची. एका छोट्या वाहिनीवर आठवड्याला अर्धा तास – चित्र मुद्दाम पिवळट, मुंग्या आलेलं. अडत होतं फक्त हसण्यापाशी. तयार रेकॉर्ड केलेलं हसू त्याला नको होतं.

"त्यात कुणाला खरंच हसायला येत नसतं," तो म्हणायचा. "तुला येतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. दर शनिवारी मी कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसायचे. गाताना तो भिंगाकडे बघायचा. कडवं संपलं की हळूच – माझ्याकडे.

"गाण्याला हसायचं नसतं हं."

"मग काय करायचं?"

"लाजलीस तरी चालेल..."

एका शनिवारी चित्रीकरण संपलं. तो सेटवरून उतरून सरळ माझ्यापुढे आला. खोटी मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती.

"ऐक ना... तुझ्याशिवाय माझा आठवडाच सुरू होत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

मिशी थरथरली, आणि मी खो-खो हसत सुटले.

त्याने लोंबती मिशी ओढून काढली. मग झोकात कमरेत वाकला. "विनोद जमला म्हणायचा!"

मावशी मला जिन्यात भेटली. "हसलीस का गं?"

"विनोद होता ना?"

"पोरी, पानं मी टाइप करते. ते पानावर नव्हतं."

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पाय उचललाही... पण शरमेने मेले होते. आणि शरमेखाली एक हट्ट होता – पुन्हा विचारेल की! विचारायलाच हवं त्याने.

त्याने विचारलं नाही. तो नीट वागायचा, पाणी द्यायचा, पण थट्टा बंद झाली. मी शनिवार चुकवू लागले. मग ताईच्या बाळंतपणाला गेले, ती पाच महिने तिकडेच राहिले.

परतल्यावर धीर करून त्या खोल्यांत गेले. आतल्या खोलीत एक मुलगी माईक लावत होती. गुणगुणत होती, छान.

"आमचं ठरलंय," तो हळूच म्हणाला. "पुढच्या महिन्यात."

"चांगलं झालं," मी म्हणाले. आवाज बरा निघाला. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण थांबले नाही. "त्या दिवशी मला वाटलं, तू कार्यक्रमातलंच काहीतरी करतोयस."

"मग? कधी कळलं?"

"त्याच दिवशी... जिन्यात. मावशीने सांगितलं."

तो सोफ्यावर बसला.

"जिन्यातच?" त्याने विचारलं. "मी वरच होतो गं. दिवे मालवून, अंधार पडेपर्यंत. वाटलं होतं... येशील."

"होकार होता माझा."

त्याने मान हलवली. आतून तिने हाक मारली – माईक तयार होता. तो उठला, माझ्यासाठी दार उघडून धरलं, आणि या वेळी मी एकेक पायरी मोजून उतरले.