खिळ्याला बांधलेली दोरी

खडवलीला नदीच्या अंगाला म्हाताऱ्यांची एक संस्था आहे. ज्याला स्वतःचं स्वतः करता येतं त्याला वर स्वतंत्र खोली. ज्याला येत नाही तो खालच्या हॉलमध्ये. तिथं ओळीनं खाटा, मध्ये पडदे, आणि फिनेल कितीही ओता, मुताचा वास काही जात नाही. धाकू वर राहायचा. डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत जन्मभर राबलेला माणूस. कुणाचा हात धरून संडासला जायचं, हे त्याला मरणाहून वाईट वाटायचं.

देखरेखीला मंजुळा होती. दिवसातून तीनदा ती प्रत्येक दार वाजवायची. "काका, आहात ना?" आतून आवाज आला की पुढच्या दाराला. धाकूचं उत्तर ठरलेलं. "आहे गं. जा तू."

वरच्या प्रत्येक खोलीच्या न्हाणीत एक लाल दोरी लोंबायची. ओढली की ऑफिसात घंटा वाजते. पण घंटा वाजली की संस्थेचे साहेब जिना चढून येणार आणि म्हणणार, "आता तुम्हाला एकट्याला झेपत नाही." मग खालची खाट. म्हणून वरच्या सगळ्यांनीच दोरी गुंडाळून उंच खिळ्याला बांधलेली. चुकून हात लागायला नको.

गणपतीनंतर शेजारचा धोंडीबा गेला. सकाळी दाराबाहेर रात्रीचं ताट तसंच दिसलं, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, काल दुपारीच गेलेले आहेत. मंजुळा रडकुंडीला आली.

"संध्याकाळी बोलले हो माझ्याशी. ताट ठेव म्हणाले."

"खोटारडी," धाकू तिच्या तोंडावर म्हणाला. "दार वाजवलंच नसशील."

ती ताट उचलून खाली गेली.

मग दिवाळीच्या सुमारास धाकू आंघोळीला गेला आणि साबणावरून घसरला. कंबर गेली. डोकं नळावर आपटलं. एक अंग लुळं पडलं, जीभ तोंडात दगडासारखी. दोरी वर खिळ्याला. तिच्याकडे बघत तो ओल्या फरशीवर पडून राहिला. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. खाली कुणीतरी भांडी घासत होतं.

दुपारी दार वाजलं.

"काका, आहात ना?"

धाकूनं सगळा जीव घशात आणला. नुसता वारा निघाला.

आणि न्हाणीबाहेर, त्याच्याच खोलीत, त्याच्या खाटेवरून आवाज आला.

"आहे गं. जा तू."

त्याचाच आवाज. शेवटी जरा खाकरला, तसा तोच खाकरतो. मंजुळाच्या चपला पुढे गेल्या.

धाकू घाबरला नाही असं कुणी म्हणू नये. त्यानं दम धरून ऐकलं. खाट एकदा करकरली. मग कुणीतरी कूस बदलल्यासारखं... मग काही नाही.

ऊन भिंतीवरून सरकलं. चहाच्या वेळी परत चपला वाजल्या.

"काका, चहा आणलाय."

"ठेव बाहेर. झोपलोय मी."

"बरं," मंजुळा म्हणाली. कप टेकल्याचा आवाज झाला. आता ती जाणार. धाकूनं चालत्या पायानं बादलीला लाथ घातली. बादली गडगडत न्हाणीच्या दारावर आदळली.

बाहेर चपला थांबल्या.

मग मंजुळा हळूच म्हणाली, "काका... तुम्ही झोपलाय, तर मग न्हाणीत कोण आहे?"

खोलीतून उत्तर आलं नाही.

तिच्या कमरेला दुसरी चावी होती. तिनं खोलीचं दार उघडलं. खाटेवर कुणी नव्हतं, चादर ताणलेली होती. ती सरळ न्हाणीकडे आली आणि धाकूचं डोकं मांडीवर घेतलं.

आता धाकू खालच्या हॉलमध्ये आहे. साहेबांवर सांगायची वेळच आली नाही, यानंच बोटानं खाली दाखवलं. पहिल्या दिवशी मंजुळानं त्याला पेज भरवताना विचारलं, "आता बोला. मी खोटारडी?" त्यानं आडवी मान हलवली. पेज गळ्यावर सांडली ती तिनं पुसली.

वरची खोली बंद आहे. गादीसुद्धा काढलीये. धाकूची जीभ अजून वळत नाही, म्हणून तो हात वर करतो, तेच त्याचं उत्तर.

सकाळी ती खाटेशी येते. "काका, आहात ना?"

हात उचलायला त्याला वेळ लागतो. त्याआधी वरून, बंद दाराआडून, आवाज येतो.

"आहे गं. जा तू."

मंजुळा जात नाही. त्याचा हात वर होईपर्यंत तिथंच उभी राहते.